चिकटपट्टीवरची सही

माझे सासरे कुलपं दुरुस्त करायचे. जन्मभर दुसऱ्यांची अडलेली दारं उघडून दिली, पण स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुणी उघडलेला त्यांना खपायचा नाही. साखर कमी झाली की पहिली नजर माझ्यावर. दुसरी मांजरावर.

परसात सासूबाईंनी लावलेला माणसाएवढा नेचा होता. लांबरुंद पानांचं ते जंगल कडाक्याच्या थंडीतही हिरवंगार राहायचं. सासूबाई गेल्या आणि वर्षभरात नेचाही वाळला. "शेजाऱ्यानं बुंध्यात काहीतरी ओतलं," सासरे छातीठोकपणे सांगायचे. पुरावा काय? "त्याचं हसणं बघितलंस?"

नशिबानं शेवटच्या पानामागची तपकिरी भुकटी त्यांनी कागदात झाडून ठेवली होती. नेच्याला बी नसतं, ही भुकटीच पेरायची. उकळतं पाणी ओतून निर्जंतुक केलेली माती त्यांनी पारदर्शक डब्यांत भरली आणि सगळी भुकटी पेरून टाकली, चिमूटभरही मागे ठेवली नाही. मातीवर नखाएवढे हिरवे पापुद्रे धरले आणि तिथेच अडले. सासूबाईंचा नेचा परत यायचा तर आता एवढ्यातूनच.

"कुणीतरी झाकणं उघडतंय," सासऱ्यांनी निदान केलं. बुरशीच्या भीतीनं पाणी तोडलं होतं त्यांनीच, पण ते कोण बोलणार? प्रत्येक झाकणावर चिकटपट्टी लागली आणि पट्टीवर त्यांची सही.

एका सकाळी एक पट्टी कापलेली निघाली.

"सूनबाई!"

"बाबा, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय डब्यानं आतून कापली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा शेजारी बसून चहा ढवळत होता. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळत होता. डबे सासऱ्यांच्या खोलीत गेले, खोलीला कुलूप लागलं, आणि मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले. रडू यायचं, पण त्यांच्यासमोर रडले नाही.

महिने गेले. एक दिवस त्यांनीच हाक मारली. कापलेल्या पट्टीच्या डब्यात बाळाच्या मुठीसारखी वळलेली इवली पानं होती. बाकीच्या डब्यांत पापुद्रे पिवळे पडून गेले होते.

"काय घातलंस यात?" त्यांनी विचारलं.

"किती वेळा सांगू, मी नाही!"

दारात नवऱ्यानं घसा खाकरला. "पाणी फवारलं होतं. उकळून गार केलेलं. पापुद्रे भिजल्याशिवाय रोप धरत नाही, असं आई म्हणायची."

"आणि मी हिला बोलत होतो तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तुम्ही रागवाल असं वाटलं."

"हिच्यावर रागावलेलं चाललं तुला?"

सासऱ्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"नीट लक्ष ठेव."

"ठेवीन. रोज फवारीन."

"रोपांचं नाही म्हणत," मुलाकडे बोट दाखवत ते म्हणाले, "याच्यावर."

तेव्हापासून ठेवते आहे.