रहेमान मिस्त्रींची मोकळी जागा

जऊळक्याहून कार्ड आलं, त्याचा एक कोपरा फाटलेला होता. मी ते पाहिलं मात्र, आणि पोरांवर ओरडत सुटलो, "कार्ड कोनं फाडलं बे? टपाल म्हंजे काय पतंगाचा कागद हाये?" पोरं बिचारी भिंतीला चिकटली. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मौतीची खबर, हे साऱ्या वाशीमला ठाऊक. पन्नाशीला टेकलेल्या मलाच तेवढं सुचलं नाही. बायकोनं ते हातातून घेतलं, वाचलं आणि हळूच म्हणाली, "ओरडू नका. रहेमान मिस्त्री गेले..."

त्याला आता दीड महिना झाला. रडायला बसावं, तर मिस्त्री आठवले की आधी छातीच फुलते! कारण त्यांच्यासोबत तो दिवस आठवतो, आमच्या जिनिंगात वीज आली तो. लढाईच्या आधीची गोष्ट. मी तिथे गोदाम-कारकून. तोवर यंत्रं वाफेवर चालत. मग आवारात ट्रान्सफॉर्मर येऊन बसला: माणसाएवढा लोखंडी डबा, पोटात तेल, डोक्यावर चिनीमातीची तीन शिंगं आणि त्या शिंगांना तारा. त्याची निगा राखायला आले रहेमान मिस्त्री. उंच, काटकुळे, बोलायला मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी डब्याच्या चारी बाजूंनी दोन्ही हात पसरून अंतर मोजलं आणि चुन्याची रेघ मारली. "बाबूजी, या रेघेच्या आत कापूस नाही, बाज नाही, बकरी नाही. मी भी कामाबिगर नाही." आम्ही त्या जागेला 'मिस्त्रीचं आंगन' म्हणायचो आणि हसायचो.

वीज सुरू व्हायची त्याच्या आदल्या दिवशी मानोऱ्याकडच्या कापसाच्या बैलबंड्या फाटकाबाहेर रांग लावून उभ्या. गोदाम गच्च. तेव्हा हुशार कारकुनानं, म्हणजे मी, मिस्त्री घरी गेल्यावर सरकी काढलेल्या रुईच्या बारा गाठी थेट त्या अंगणात रचून घेतल्या. जागा काढल्याबद्दल मालकांनी माझी पाठ थोपटली. ती थाप मी घरी येऊन दोनदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी काय तो थाट! फाटकाला तोरण, बँड, खुर्चीवर तहसीलदारसाहेब, आणि अर्धं गाव कुंपणावर चढलेलं. मालक ओरडले, "मिस्त्री, दाबा खटका!"

मिस्त्री खटक्याच्या खोलीला कुलूप लावून, किल्ली मुठीत धरून उभे. "गाठी हलल्याबिगर नाही, मालक."

"पाव्हणे बसून राह्यले अन् तुमी हटून बसले? खटका दाबा, नाहीतर किल्ली ठेवा अन् घर धरा!"

बँड बंद पडला. मिस्त्रींनी किल्ली मालकांच्या तळहातावर ठेवली. "ठेवली. जाच्या आंधी एक डाव बाबूजीले तिथं उभं करा. वीज अजून सोडली नाही, काई होत नाही."

मालकांनी मला पुढे ढकललं. माझी ढेरी तेव्हाही होती. डबा आणि गाठी यांच्यामध्ये मी श्वास ओढून आडवा शिरलो. मिस्त्रींनी पाना दिला. "ती तेलाची चावी घट्ट कसा. रोजचं काम हाये माह्यं." मी जोर लावला, पाना सटकला, मी मागे कोलमडलो... पण मागे जागा कुठली? माझ्याच गाठीनं मला पुढे फेकलं, सावरायला हात वर गेला आणि पाना टण्णकन शिंगावरच्या तारेला लागला.

मिस्त्रींनी पाना माझ्या हातातून काढून घेतला.

"उद्या तिथं मी असन, मालक," मिस्त्री म्हणाले. "अन् वीज चालू असन."

मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तारेकडे. किल्ली मिस्त्रींच्या खिशात घातली, धोतर खोचलं आणि गरजले, "पाहून काय राह्यले बे? लावा हात!" तहसीलदारसाहेबांनी कोट काढला, बँडवाल्यांनी ढोल खाली ठेवले. बाराही गाठींना मी खांदा लावला. मला कोणी बसूच देईना. मग मिस्त्री अंगणातून एक फेरी मारून आले, खटका दाबला आणि घुंऽऽ करून डबा बोलायला लागला! चाकं फिरली, फाटकावरचा दिवा भर दुपारी पेटला, आणि कुंपणावरून एक म्हातारा ओरडला, "अबे, धूर कुठी हाये?"

पुढे कितीतरी वर्षं मिस्त्रींनी तो डबा सांभाळला. शेवटी जऊळक्याला आपल्या घरी, आपल्या बाजेवर, तापानं गेले.

कार्ड आल्यावर मी जऊळक्याला भेटायला गेलो, तेव्हा मिस्त्रींची बायको, आमच्या भाभी, म्हणाल्या, "त्या दिवशी फजरले, पहाटंच त्याइनं गाठी पाह्यल्या होत्या. घरी येऊन म्हने, भांडेकुंडे बांध, आज नोकरी जाते. बंडी भी सांगून ठेवली होती. मी इचारलं, कोनं रचल्या? तर म्हने, रचल्या असन कोन्तरी..."

गोदामातली गाठ माझ्याशिवाय हलत नाही, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. आणि इतक्या वर्षांत एका शब्दानं...

घरी येऊन मी बायकोला सारं सांगितलं. ती डाळ निवडत होती, ते सूप तिनं खाली ठेवलं.

"अन् तरी दर ईदेले शीरखुर्म्याचा पयला कटोरा आपल्याच दारी ये," ती म्हणाली. "मी समजत होती, तुमी त्याइचं काई भलं केलं असन."