साहेबांची कॅसेट आणि आमची बँड पार्टी

बँडवाल्याचा अर्धा जन्म वाट पाहण्यात जातो. नवरदेवाचा फेटा व्हायचाय, घोडी यायची आहे, जनरेटर सुरू होत नाही. मग झाडाखाली बसून किस्से साठतात. आमच्या राजुऱ्याच्या पार्टीत तर एका कॅसेटचेच इतके किस्से आहेत की लग्नांचे सांगायला वेळच उरत नाही. मी तिथे क्लॅरिनेट वाजवायचो. खरं सांगतो, त्या कॅसेटनं हसवलं त्याहून घाबरवलं जास्त.

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोळसा खाणीतले एक इंजिनिअर साहेब ट्रेनिंगसाठी विलायतेला गेले आणि येताना तिकडच्या एका बँडच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट घेऊन आले. या संगीताला स्का म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, सगळी आमचीच वाद्यं! कॉलनीतल्या एका लग्नात आमच्या शालिक मास्तरांचं ट्रम्पेट त्यांना आवडलं, म्हणून कॅसेट शिकायला दिली. जशी देतोय तशीच परत हवी, एवढीच अट. मास्तरांनी जबान दिली. शब्द मोडला तर ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा तो माणूस, त्यामुळे त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर लागला.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा ठोका हवा तिथे पडेना, मधल्याच रिकाम्या जागेत पडे. ढोलवाला बंडू बराच वेळ कान देऊन बसला.

"मास्तर, याईचा ढोलवाला लेट येऊन राह्यला."

*

उन्हाळा लागला. आमच्याकडचं ऊन, टेप वितळेल अशी मास्तरांना धास्ती. कॅसेट डब्यात बंद करून माठाच्या तिवईखाली ठेवायचे आणि भर दुपारी झोपेतून उठून डब्याला हात लावून बघायचे.

एकदा मास्तरांच्या घरच्या, आमच्या वहिनी, म्हणाल्याच, "लग्न झाल्यापासून मले कोनी एवढं सावलीत नाई ठेवलं."

*

पहिलं गाणं बसलं आणि आम्ही ते एका वरातीत वाजवलं. त्या तालावर माणूस पुढे चालतच नाही, जागच्या जागी उड्या मारतो! वरात चौकातच अडकली. मांडवात पंगत खोळंबलेली, मुलीचा बाप घामाघूम. साधी चाल वाजवा म्हणून त्यानं हात जोडले. वाजवली, तर नवरदेव घोडीवरून उतरला आणि ते गाणं पुन्हा सुरू होईपर्यंत वर चढेना.

*

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मात्र हे थेर चालायचे नाहीत, असं वस्तीतल्या गुरुजींनी आधीच बजावलं होतं. आम्ही अगदी शिस्तीत वाजवलं. मिरवणूक संपत आली तसे मास्तर निर्धास्त झाले. तेवढ्यात गुरुजी जवळ आले आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "ते वालं कधी वाजवता?"

*

आणि ज्याची भीती होती ते झालंच. शेवटचं गाणं शिकायला घेतलं, त्याच दिवशी टेपरेकॉर्डरनं टेप गिळली. चुरगळलेला तुकडा ब्लेडनं कापून टाकला, टोकं चिकटपट्टीनं जोडली. गाणं वाजलं, पण मधला तुकडा गेल्यानं चाल तिथून एकदम पुढच्या कडव्यात जाऊन पडे. मूळ चाल कोणाला ठाऊक होती? ऐकली तशी बसवली. मास्तरांची झोप उडाली. साहेबाले कोन्या तोंडानं सांगू, एवढंच म्हणत राहायचे.

आणि नेमकं तेच गाणं सगळ्यात जास्त चाललं! चाल तुटली की पोरं हवेत उडी घ्यायची. कुरखेड्याच्या पार्टीनं आमचं ऐकून ते उचललं, तेही उडीसकट.

*

पुढे कॉलनीत एक लग्न होतं. साहेबही येणार होते. आज सांगूनच टाकतो म्हणून मास्तर कॅसेट खिशात घालून गेले. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत साहेबच खुशीत सांगायला लागले, की विलायतेहून आलेल्या मित्रानं अगदी तीच कॅसेट नवी कोरी आणून दिली आहे. लगेच मांडवातल्या लाऊडस्पीकरला लावलीसुद्धा, आणि तीही थेट त्या शेवटच्या गाण्यावर. मास्तरांनी माझा हात घट्ट धरला.

मांडव नाचायला लागला. ती जागा आली. सगळ्यांनी उडी घेतली, आणि गाणं आपलं सरळ पुढे चालत राहिलं. माणसं एकमेकांवर आदळली, नवरदेवाच्या मामाचा फेटा खाली पडला. साहेब चक्रावून टेपरेकॉर्डरकडे बघू लागले. आता सगळं बाहेर पडणार म्हणून मास्तरांनी डोळे मिटले.

तेवढ्यात नवरीचे वडील पुढे आले. त्यांनी टेप बंद केला आणि समजूत घालावी तसा साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, तुमची कॅसेट खराब निघाली. आमच्या मास्तरले द्या, ते बरोबर करून देतात."