थरथरता हात

माझी मावशी डब्यांच्या कारखान्यात प्रेसवर आहे. पत्रा सरकवायचा, प्रेस धाडकन खाली येते, हात त्याआधी बाहेर पाहिजे. दिवसाला दोन हजार झाकणं, आणि सव्वीस वर्षांत दहाही बोटं शाबूत. हे आधीच सांगते, कारण तिच्या हाताला नावं ठेवणारे पुष्कळ निघाले.

त्यातला पहिला आमच्या कारखान्याचा स्टोअरकीपर. गेल्या वर्षी कारखान्याच्या कॅरम स्पर्धेत मावशी थेट फायनलला गेली. जेवणाच्या सुट्टीत प्रेसच्या खडखडाटात खेळून तयार झालेली बाई ती. फायनल मात्र स्टोअरकीपरशी, साहेबांच्या मीटिंगच्या खोलीत, दार लावून, सगळे चिडीचूप. तिची बोटं थरथरायला लागली आणि शेवटी स्ट्रायकरच पॉकेटमध्ये गेला. वर स्टोअरकीपर म्हणाला, "बाईमाणसाचा हात पत्र्यापुरता ठीक." जिंकला म्हणून कारखान्यातर्फे बाहेरच्या स्पर्धेला तोच गेला आणि पहिल्याच फेरीत आपटून आला. त्याच्या हाताला मात्र कोणी नावं ठेवली नाहीत.

यंदा घरात जो तो तिला शहाणपण शिकवायला लागला. काका म्हणाले, दीर्घ श्वास घे. आई म्हणाली, नावच देऊ नकोस, कशाला हात दाखवून अवलक्षण. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. यंदा बाहेर मीच जाणार, एवढंच मला म्हणाली.

पुन्हा फायनल, तीच खोली, समोर तोच. मी तिथेच पॅकिंगला असते, म्हणून बाकीच्या बायकांबरोबर दाराशी उभी होते. मावशीने नेम धरला की स्टोअरकीपर खिशातल्या किल्ल्या खुळखुळवायचा. त्याला वाटलं, बिथरेल. झालं उलटंच. आवाज सुरू झाला आणि मावशीचा हात असा काही बसला की पठ्ठ्याला घाम फुटला. शेवटच्या डावात दोघांची एकेक सोंगटी उरली. जो आधी घेईल तो जिंकणार. पाळी मावशीची, सोंगटी कडेला चिकटलेली.

तेवढ्यात स्टोअरकीपरच्या डोक्यात उजेड पडला. त्याने किल्ल्या मुठीत घट्ट दाबून धरल्या. खोली शांत झाली आणि मावशीचा हात थरथरायला लागला. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं.

मावशीने मान वर केली. "थांबलात का? वाजवा की किल्ल्या. सव्वीस वर्षं धडधडाटातच हात चालवलाय मी."

आधी प्रेसवरच्या बायका हसल्या, मग साहेबसुद्धा. स्टोअरकीपर लालबुंद झाला. त्या गलक्यातच मावशीने टिचकी मारली. सोंगटी कडेकडेने घसरत पॉकेटमध्ये पडली.

मावशी उठली. हात अजून थरथरतच होता. तो तिने लपवला नाही, सरळ स्टोअरकीपरच्या नाकासमोर धरला.

"बघून घ्या," ती म्हणाली. "बाहेरच्या स्पर्धेला आता हाच जाणार."