बादलीतली काडतुसं
फटाक्यांच्या दारूचा वास आला की बहारीनमधल्या नेमबाजी क्लबची ती कोंदट खोली आठवते. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या एका इस्पितळात नर्स होते. नवरा आणि मी क्लबच्या त्या खोलीत रायफलची काडतुसं स्वतः भरायचो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो भरताना मध्येच फोन घ्यायला उठला. सगळी भरून झाल्यावर म्हणाला, "एकात दारू दोनदा पडली की काय, आठवत नाही. जाऊ दे, यल्ला, निघू या." दुप्पट दारूने रायफल तोंडावरच फुटते. मी सगळी काडतुसं पाण्याच्या बादलीत ओतली. "अगं, डब्यात दारू उरली नाही! उद्या काय झाडणार?" "काही नाही. फाटलेले हात मी वॉर्डात रोज बघते." स्पर्धा आमच्याविना झाली. काडतुसं चांगलीच होती, असं तो अजून म्हणतो. असतीलही. आजही मी ती बादलीतच ओतीन.