पाव इंच माया

सोनईच्या लंकाबाई येळवंडे यांना कुणी काही सांगायला गेलं, की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "का?" विहिरीवरची मोटर सुरू होताना दोनदा का कण्हली, जावेच्या दह्याला तार का सुटली, एसटी आज पलीकडं का थांबली. उत्तर मिळालं नाही तर त्या स्वतःच शोधायला बसत. एकदा बिघडलेला मिक्सर त्यांनी ओट्यावर सगळा खोलून मांडला होता. मिक्सर दुरुस्त झाला नाही, पण का बिघडला ते त्यांना कळलं आणि तेवढ्यावर त्या खूश होत्या. त्यांचे मालक गोरक्षनाथ म्हणायचे, "हिच्या नावाच्या मधोमधच 'का' हाय. सासऱ्यानं बघूनच ठेवलेलं दिसतंय."

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या शिवणवर्गाला गेल्या, त्याही याच खोडीपायी. हातानं गोधडी शिवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. भावकीत बाळंतपण निघालं की दुपटं लंकाबाईंकडूनच यायचं. पण केडगावच्या जया मॅडम समाजमंदिरात सहा मशिनी घेऊन आल्या आणि "मशीनवर तुकडे जोडून गोधडी शिकवते" म्हणाल्या, तेव्हा लंकाबाईंना राहवेना. मशीन तुकडे जोडतं म्हणजे नेमकं करतं काय?

तीन महिन्यांच्या वर्गात सहाजणी होत्या. शेवटी सहाजणींनी मिळून एक गोधडी करायची आणि नगरच्या प्रदर्शनात मांडायची, असं ठरलं. प्रत्येकीनं पाच बाय पाच, म्हणजे पंचवीस चौकोनांचा एक भाग शिवायचा. मग सहा भाग जोडले की झाली गोधडी. कापायचं काम सुकन्याकडं गेलं. ती पुणतांब्याची लेक, वर्षापूर्वी लग्न होऊन सोनईत आलेली. बोलणं कमी, कात्री मात्र सरळ. तिनं पाच इंचांचा पुठ्ठा कापला आणि तो ठेवून ठेवून दीडशे चौकोन काढले.

"जोडताना माया पाव इंच ठेवा," जया मॅडमनी सांगितलं. शिवणीच्या पलीकडं जे कापड आत दुमडून राहतं, ती माया.

"माया काय मोजून करायची असती व्हय?" लंकाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. हसण्यात ती गोष्ट तिथंच राहून गेली.

पुढच्या मंगळवारी दुपारी सहाही भाग सतरंजीवर शेजारी शेजारी मांडले, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. एकाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याला लागेना. मोनिकाचा भाग साडेतेवीस इंच भरला, लंकाबाईंचा एका बाजूनं बावीस आणि दुसऱ्या बाजूनं साडेबावीस. मोनिका ही लंकाबाईंची शेजारीण, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "चौकोनच लहानमोठे कापलेत. मग आमी काय करनार?"

"खरंय," लंकाबाईंनी लगेच री ओढली. "कापनारीचीच चूक हाय ही. कापतानाच ध्यान दिलं असतं तर ही येळ आली नसती."

सुकन्या एवढंच म्हणाली, "मी परतेक येळी पुठ्ठा ठिवूनच कापलंय, मावशी." मग कात्री मॅडमच्या टेबलावर ठेवून ती निघून गेली. बुधवारी ती वर्गाला आली नाही.

बुधवारी दुपारी लंकाबाई आपला भाग उसवायला ओसरीवर बसल्या. चौकोन वेगळे करायचे, लहानमोठे निवडायचे आणि पुन्हा जोडायचे, असा त्यांचा बेत. ब्लेडच्या टोकानं एकेक टाका तोडत त्यांनी पंचवीस चौकोन मोकळे केले, हातानं सारखे केले आणि एकावर एक रचले. रचता रचता हात थांबला. पत्त्यांचा कॅट असावा तसा तो गठ्ठा चारी बाजूंनी एकसारखा उभा होता. एकही चौकोन बाहेर डोकावत नव्हता.

"अवं," त्यांनी हाक मारली, "टेप आना जरा."

गोरक्षनाथांनी टेप आणला. चौकोन पाच इंच. दुसरा पाच इंच. दहावा, सतरावा, पंचविसावा, सगळे पाच इंच.

"मग कापड गेलं कुठं?" लंकाबाई स्वतःशीच म्हणाल्या.

त्यांनी एक चौकोन उन्हाकडं धरला. कडेला बारीक भोकांची रांग दिसली. दोरा निघून गेला होता, पण सुईच्या खुणा तशाच होत्या. एका कडेला ती रांग दोन सूत आत, म्हणजे बरोबर पाव इंच. दुसऱ्या कडेला सुरुवातीला दोन सूत आणि शेवटाला तीन. तिसऱ्या कडेला तीन सूत, थोडी जास्तच. त्यांनी दुसरा चौकोन घेतला, तिसरा घेतला. कुठंच दोन रांगा सारख्या नव्हत्या. आपल्याच हातचा पुरावा असा सुईनं टोचून ठेवलेला बघताना त्यांचे कान तापले.

पण लाजेपेक्षा कुतूहल मोठं निघालं. त्या हिशेब करत बसल्या. पाच पंचे पंचवीस. एका शिवणीत दोन्हीकडचं पाव-पाव मिळून अर्धा इंच जायला हवं. पाच चौकोनांच्या ओळीत शिवणी चार, म्हणजे दोन इंच गेले, राहिले तेवीस. आता पाव इंचाऐवजी तीन सूत धरलं तर? जास्तीचं एक सूत म्हणजे डोळ्यात न भरणारी गोष्ट, पण ते दोन्हीकडून जाणार, आणि चार वेळा जाणार. ओळ सरळ एक इंचानं आखडणार.

हातानं शिवताना हे कधी कळलंच नव्हतं. तिथं तुकडा लुगड्यावर ठेवायचा, कड नखानं दुमडायची आणि टाके घालत जायचं. कमी पडलं तर वरून दुसरा तुकडा. चाळीस वर्षं त्या गोधड्यांनी सगळं पोटात घातलं होतं.

उन्हं कलायच्या आत लंकाबाई गठ्ठा घेऊन सुकन्याच्या दारात उभ्या राहिल्या. सुकन्या शेंगा फोडत होती. लंकाबाईंनी तिच्यापुढं चौकोन रचले आणि म्हणाल्या, "बघ. तुजी कात्री सरळ हाय. वाकडी शिवण मीच घातली, आन् बोल तुला लावला. चुकलं माजं. उद्या वर्गात सगळ्यांम्होरं सांगते."

सुकन्यानं गठ्ठ्याकडं बघितलं, लंकाबाईंकडं बघितलं. "मावशी, एवढं सगळं उसवलं?"

"उसवल्याबिगर कळतं व्हय? आता ही भोकं बघ." आणि दोघी शेंगांची पाटी बाजूला सारून चौकोन उन्हात धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधीच दोघी समाजमंदिरात पोचल्या. लंकाबाईंनी जुन्या स्लिपरच्या रबराची एक पट्टी मोजपट्टीनं आखून कापून आणली होती. सुईच्या टोकापासून बरोबर दोन सुतांवर ती पट्टी मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीनं बसवली. आता कापडाची कड त्या रबराला टेकवून चालवली की कापड आत-बाहेर जायला जागाच नव्हती. डोळे सुईवर नाही, रबरावर ठेवायचे. सुकन्यानं पाच चौकोन जोडले, इस्त्री फिरवली आणि टेप लावला.

तेवीसला एक सूत कमी.

"पुन्हा मोज," लंकाबाई म्हणाल्या. पुन्हा तेच. त्यांनी स्वतः एक ओळ शिवली, तीही एक सूत कमी. आता त्यांना खरी गंमत वाटू लागली. माया बरोबर, कापणं बरोबर, आणि तरी एक सूत गायब.

"कुनीतरी खातंय मधी," त्या म्हणाल्या. "पर कोन?"

सुकन्यानं जरा विचार केला. मग दोन नव्या तुकड्यांवर, बरोबर पाव इंचावर, पेनानं बारीक ठिपके दिले. त्याच ठिपक्यांवरून शिलाई मारली, तुकडे उलगडले आणि इस्त्री केली. ठिपके दिसेनात. तिनं नखानं शिवण जरा उकलली.

"मावशी, ठिपका वळनात गेलाय!"

लंकाबाईंनी चष्मा वर करून बघितलं. खरंच. कापड दोऱ्यावरून वळत होतं, आणि त्या वळणालाही थोडं कापड लागत होतं. एका शिवणीत केसाएवढं, पण चार शिवणींत एक सूत.

"म्हंजी पाव इंचाला एक दोरा कमी धरायचा," लंकाबाई म्हणाल्या, आणि रबराची पट्टी सुईकडं दोराभर सरकवली. या वेळी ओळ तेवीस भरली. दोघींनी तीनतीनदा मोजली. मग मोठं कापड वाया जाऊ नये म्हणून लंकाबाईंनी सोपी परीक्षाच काढली: दीड इंचाच्या तीन चिंध्या जोडायच्या आणि मधली मोजायची. ती बरोबर एक इंच भरली तर पुढं जायचं, नाहीतर रबर सरकवायचं.

अकराला बाकीच्या आल्या. लंकाबाई उभ्या राहिल्या आणि परवाचं आपलं बोलणं चुकीचं होतं असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. मोनिकानं नाक मुरडलं. "माजा तर मोठा भरलाय. मी माया जास्त कुटं धरली?"

"तू कमी धरली. साडेतेवीस भरला म्हंजी दीडच सूत. उसवून बघ."

मोनिकानं एक शिवण उसवली. भोकं दीड सुतावर होती. तिनं चौकोन उलटसुलट करून बघितला आणि शेवटी सुकन्याशेजारी जाऊन बसली. "एक स्लिपर माज्याकडं बी जुनी हाय," ती म्हणाली. सुकन्या हसली. जया मॅडमनी ती उसवलेली शिवण हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "मी इतकी वर्षं नुसतं पाव इंच म्हणत आले. ते धरायचं कसं, हे कधी सांगितलंच नाही."

पाच दिवस सहाजणी उसवत आणि शिवत राहिल्या. सहा भाग जोडले तेव्हा कोपऱ्याला कोपरा लागला, फक्त एका ठिकाणी जरा चुकला. तो लंकाबाईंचाच होता. तो उसवायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. तोवर टेम्पो दारात आला होता, म्हणून राहू दिला.

नगरच्या प्रदर्शनात लोक गोधडीचे रंग बघून पुढं जात. कुणी जरा रेंगाळलं तर सुकन्या सुईच्या भोकांची गोष्ट सांगायची. रोज दोन शब्द बोलणारी ती पोर हात हलवून हलवून बोलत होती, आणि मोनिका मधेमधे तिची री ओढत होती. लंकाबाई मात्र आपल्या जागेवर नव्हत्या. संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा त्या सापडल्या त्या चार स्टॉलांपलीकडं. एका अनोळखी बाईच्या गोधडीवर गोल नक्षी होती. ती गोधडी उलटी करून त्या मागची बाजू निरखत होत्या.

"बाई," त्या विचारत होत्या, "सरळ कडेला माया कळली मला. पर ह्या गोलाला कशी धरता?"

त्या बाईनं बसायला स्टूल पुढं केलं.