स्टामाटिसचा घाम

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पीडी गावात उन्हाबद्दल बोलायचा हक्क कोणाला असेल तर तो आपल्यालाच, असं स्टामाटिस मनापासून मानत आला होता. ग्रीक क्लबात कॉफी पुढ्यात आली की त्याची गाडी सुरू व्हायची.

"ऊन म्हणजे काय ते मला विचारा. तीस वर्षं खाल्लंय मी हे ऊन. आता मला तव्यावर ठेवलंत तरी चटका बसायचा नाही!"

ॲडिलेडहून आलेले पाहुणे माना डोलवायचे. शेजारी बसलेला मोमिर मात्र खाली मान घालून कॉफी ढवळत राहायचा. तो साखर घेत नसे, तरी ढवळायचा.

मोमिर सर्बियाचा, स्टामाटिसचा खाणीतला भागीदार. ओपल या रत्नाच्या खाणीत दोघांची कामं वाटलेली. स्टामाटिस शिडीने खाली उतरून दगड फोडायचा. मोमिर वर विवराच्या तोंडाशी बसून मातीने भरलेली बादली यंत्राने ओढून घ्यायचा आणि रिकामी करायचा. खालच्याने दोरीला दोन हिसके दिले की वरच्याने बादली उचलायची.

आता जमिनीच्या पोटात जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यातही कसा गारवा असतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. स्टामाटिसचं घरही टेकडीत कोरलेलं, तेही दुसऱ्या कोणीतरी कोरून ठेवलेलं. सकाळी तो त्या बिळातून निघायचा, गाडीतला गार वारा तोंडावर घेत खाणीवर जायचा आणि दुसऱ्या बिळात शिरायचा. रविवारी देवाला भेटायचं तर चर्चही जमिनीखाली. म्हणजे उन्हाची आणि त्याची गाठ पडायची ती घराच्या दारापासून गाडीच्या दारापर्यंत. पण तो खोटं बोलत होता असं म्हणवत नाही. एकच गोष्ट इतकी वर्षं बोलली की ती आपल्या अंगाला चिकटते, मग खरवडली तरी निघत नाही.

मग त्याचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. ही बातमी ॲडिलेडला पोचायला वेळ लागला नाही आणि मुलीचा, इव्हान्थियाचा फोन आला.

"बाबा, आता पुरे. तुमची खोली तयार आहे."

ती खोली स्टामाटिसने पाहिली होती. खिडकीबाहेर हिरवळ, हिरवळीवर पाण्याचा फवारा. त्या फवाऱ्याकडे बघत मरायचं, ही कल्पनाच त्याला मानवत नव्हती. इथे त्याची बायको टेकडीपलीकडे पुरलेली होती, इथे क्लबात त्याची खुर्ची होती. तिथे कोण विचारणार?

"मोमिर खाली उतरेल," तो म्हणाला, "मी वर बसेन."

"जानेवारी आहे बाबा. बाहेर भट्टी पेटलीय."

"भट्टी? कोणाला सांगतेस?"

"बरं. नाही जमलं तर मी स्वतः न्यायला येईन, आणि मग एक शब्द बोलायचा नाही. कबूल?"

"कबूल!" स्टामाटिस म्हणाला. बोलून बसला बिचारा.

पहिल्या सकाळी मोमिरने त्याच्यापुढे ओला टॉवेल धरला. विवरावरच्या पत्र्याच्या सावलीत पाण्याची छागळ टांगलेली होती, तीही दाखवली.

"हे लाड तुझे तुला लखलाभ," स्टामाटिस म्हणाला. मोमिरने खांदे उडवले आणि तो शिडी उतरला.

तासाभरात स्टामाटिसचं तोंड पिकल्या टोमॅटोसारखं झालं. घाम यायचं नाव घेईना. आला तेव्हा एकदम लोंढा आला, आणि इतका खारट की डोळे मिटून घ्यावे लागले. तशाच अवस्थेत त्याने एक बादली स्वतःच्या बुटांवर रिकामी केली. डोक्यात कोणीतरी घण घालत होतं. जरा गाडीत बसू, त्याने ठरवलं, क्षणभरच. गार वारा सुरू केला आणि साहेबांची समाधी लागली.

खाली मोमिर दोरीला हिसके देऊन देऊन दमला. शेवटी साठी उलटलेला तो माणूस एवढी लांब शिडी चढून वर आला आणि त्याने गाडीच्या काचेवर मूठ आपटली.

"मेलास का?"

"नाही," स्टामाटिस दचकून म्हणाला.

"मग मारू का?"

स्टामाटिसने काच खाली केली. बाहेरची झळ आत आली.

"तीस वर्षं ऊन खाल्लं म्हणे! खाल्लं कोणी रे? तू तर नागोबासारखा बिळात. खाली माणूस ठेवून गाडीत झोपतोस? मी एक दिवस असा झोपलो असतो तर?"

"मग तू क्लबात कधी बोलला का नाहीस?"

"तू गप्प बसलास कधी?"

स्टामाटिसला लाज वाटली, अगदी खरीखुरी. इतकी वर्षं हा माणूस आपल्या डोक्यावर बसून भाजत होता, आणि आपण वर बघितलं ते फक्त बादली येते का हे बघायला. आणि लाजेच्या मागोमाग तो पाण्याचा फवारा डोळ्यांपुढे आला.

"इव्हान्थियाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? तुझं थोबाड सांगेल." मोमिर थोडा निवळला. "अरे म्हाताऱ्या, घाम काय नुसता येतो होय? शरीराला तो शिकवावा लागतो. सगळ्यांना शिकवावा लागतो. मलाही लागला होता."

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. तोवर खाली कोणी उतरायचं नाही असं ठरलं आणि खाणीतलं काम थांबलं. स्टामाटिसने आधी थोडाच वेळ बाहेर बसायचं, रोज त्यात भर घालायची, आणि गाडीत पळायचं नाही. मानेवर ओला टॉवेल, खायला खारट चीज लावलेलं कलिंगड. मधूनमधून दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याच्या बादलीत बुडवून बसायचं. घरापुढे तो असा बसलेला बघून शेजारची मिलेवा हसून हसून बेजार झाली.

"काय हो, घेवड्यासारखे हात भिजत घातलेत. उद्या सूप करणार वाटतं?"

मिलेवाला हसू आवरत नव्हतं तसं तोंडही आवरत नव्हतं. कुठूनशी कानावर आलेली गाडीतल्या झोपेची गोष्ट तिने ॲडिलेडला इव्हान्थियाला कधीच कळवली होती.

स्टामाटिस मात्र शिकत होता. हळूहळू छातीतली धडधड कमी झाली. गरम वाटायच्या आतच कपाळ ओलं होऊ लागलं. एका दुपारी त्याने मनगट चाटून पाहिलं आणि ओरडला, "मोमिर, खारटपणा गेला! पाणी झालंय नुसतं! चाटून बघ!"

"तुझा घाम तूच चाट," मोमिर म्हणाला. पण संध्याकाळी त्याने गुपचूप आपल्या कुदळीला नवा दांडा बसवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी तो खाली उतरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन दुपारी, इव्हान्थियाची गाडी धुरळा उडवत खाणीवर आली.

"बाबा, बसा गाडीत. मला सगळं कळलंय. सामान घरून उचलू." ती जवळ आली आणि थबकली. "अहो, तुम्ही नुसते निथळताय!"

"निथळतोय ना?" स्टामाटिसचा चेहरा खुलला. "बघ, बघ! सकाळपासून निथळतोय."

"चेष्टा नको. तुम्ही शब्द दिला होता. आत गार आहे, पाच मिनिटं बसून बोलू."

तिने गाडीचं दार उघडलं. गार हवेचा झोत थेट स्टामाटिसच्या पोटरीला लागला. तेवढ्यात दोरीला दोन हिसके बसले. त्याने यंत्र सुरू केलं. बादली वर येईपर्यंत त्याची नजर विवरावरून हलली नाही.

"संध्याकाळी बोलू," तो म्हणाला. "खाली माणूस आहे."

इव्हान्थिया दार धरून उभी राहिली. त्याने बादली रिकामी केली, एक ढेकूळही बुटावर पडू दिलं नाही, आणि ती पुन्हा खाली सोडली. मग तिने दार लावलं, येऊन पत्र्याच्या सावलीत बसली आणि कपाळ पुसलं.

"असं नाही," स्टामाटिस विवरावरची नजर न काढता म्हणाला. "आधी तो टॉवेल भिजव. आणि पहिल्या दिवशी फार वेळ बसायचं नाही."