मिठाची जागा

होटगी रोडवरच्या गॅरेजात गुरुसिद्धप्पा मिस्त्रीकडे येणारं गिऱ्हाईक आधी त्याच्या ताटाला हसायचं आणि मग गाडीचं दुखणं सांगायचं. बाकीचे मिस्त्री सुटे भाग गोणपाटावर टाकत, नाहीतर खिशात कोंबत. हा बाबा पोचे आलेलं पितळी ताट मांडीशी घेऊन बसायचा आणि त्यात सुटे भाग वाढायचा. वाढायचा म्हणजे अगदी जेवणासारखे. ऑईल बदलताना फिल्टरचं भांडं उघडलं, की मधे भाताच्या जागी स्प्रिंग, उजवीकडे भाजीच्या जागी लांब बोल्ट, डावीकडे चटणीच्या जागी रबराची कडी आणि वर, मिठाच्या जागी, छोटीशी चकती, म्हणजे वायसर.

हे खूळ त्याच्या डोक्यातलं नव्हे, बायकोच्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी एका जीपमध्ये नट बसवायचा विसरून तो घरी आला होता आणि दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता. तेव्हा अक्कम्मानं हे ताट त्याच्यापुढं आपटलं. "तीनशे माणसांची पंगत वाढली मी, कुणाच्या पानात मीठ विसरले न्हाय. तुमी बी वाढत जावा की. जागा मोकळी दिसली की कळतंय." त्या दिवसापासून वीस वर्षं ताट सुटलं नाही आणि गाडीत एक वस्तू बसवायची राहिली नाही. हसणारे हसोत बापडे.

शहात्तर सालच्या थंडीत एका सकाळी हिंदुराव टॅक्सीवाला धापा टाकत आला. त्याची गाडी मूळची पेट्रोलची. पुढं तिच्या पोटात डिझेलचं इंजिन बसवलेलं, त्यामुळं बोलली की अर्धं सोलापूर जागं व्हायचं.

"मिस्त्री, ऑईल बदला. रंभेला आणाय करकंबला निघालोय. पहिलटकरीण हाय. रस्त्यात खोळंबा नको."

"मग काल का न्हाई आलास?"

"काल भाडं होतं. आन् आज दुपारी एकला अमावस्या लागती. त्याच्या आत तिचं पाऊल भाईर पडाय पायजे. उद्या आठवा लागतोय. आठव्यात वेस वलांडू देत न्हाईत. आज चुकलं तर लेक बाळंतपणाला माहेरी येत न्हाय."

करकंब म्हणजे त्या गाडीला अडीच तास. दहाच्या आत निघणं भाग होतं. हिंदुरावाची बायको चार वर्षांमागं गेलेली. घरात त्यानं लेकीसाठी खोली सारवून ठेवली होती, बाजही नवी विणून घेतली होती. हे सगळं गुरुसिद्धप्पाला ठाऊक होतं, म्हणून त्याचेही हात भरभर चालले. काळंकुट्ट ऑईल काढलं, भांडं उघडलं, पुसलं, ताट वाढलं. मग नवा फिल्टर हातात घेऊन सवयीनं ताटाकडं बघितलं, आणि तो थांबला.

मिठाची जागा मोकळी होती.

"वायसर न्हाय," तो म्हणाला.

"बाकी समदं हाय की! एका चकतीवाचून काय अडतंय?"

"स्प्रिंग रबरात रुतंल, फिल्टर खाली बसंल, आन् मळकं ऑईल न गाळताच इंजिनात जाईल. लगीच काय हुणार न्हाय. पर मागं पोटुशी लेक बसणार तुझ्या."

दोघांनी जमीन धुंडाळली. डब्यातले सगळे वायसर लावून बघितले. एक बोल्टवर जाईना, दुसरा डुगडुगत राही. पावणेदहा वाजले. हिंदुरावाचे डोळे भरून आले. "मिस्त्री, पाया पडतो. लावा तसंच." गुरुसिद्धप्पाला त्याची दया आली. खरं सांगायचं तर एकदा त्याचा हात बोल्टकडं गेलासुद्धा. पण ताटातली ती मोकळी जागा त्याला काही बघवेना.

तेवढ्यात गॅरेजामागच्या त्याच्या घराच्या अंगणातून काळ्या धुराचा भपका आला. अक्कम्मानं बंब पेटवला होता. आणि बंब कशावर पेटला होता? जुन्या कागदी फिल्टरवर! ऑईल प्यालेला फिल्टर ढणाढणा जळतो, म्हणून उतरवला की तो बंबाकडंच जायचा. वायसर कधीकधी बुडाला चिकटून राहतो, म्हणून देण्याआधी गुरुसिद्धप्पा त्याचं बूड खरवडून बघायचा. आज घाईत तेवढंच राहिलं होतं.

"अक्कम्मा! इस्तू काढ भाईर!"

"अय्यो शिवने, आंघोळ करायची का गाडी धुवायची?" म्हणत अक्कम्मानं चिमट्यानं राख ओढली. राखेत वायसर लालबुंद होऊन पडला होता. पाण्यात टाकताच चुर्र झालं. गुरुसिद्धप्पानं तो घासून बोल्टवर घातला. नेमका बसला, वाकलाही नव्हता. भांडं बंद झालं, नवं ऑईल पडलं, आणि दहाला पाच कमी असताना टॅक्सी धडधडत निघाली. हिंदुराव रामराम करायलाही थांबला नाही.

त्या दिवशी मिस्त्रीचं कशात लक्ष लागेना. चार वाजता तोच ओळखीचा धडधडाट ऐकू आला, तसा तो रस्त्यापर्यंत पळाला. गाडी थांबली. शहाण्यानं आधी पोरीकडं बघावं की नाही? हा आडवा होऊन गाडीखाली शिरला आणि भांड्याखालून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. तेव्हा कुठं वर येऊन त्यानं रंभेकडं बघितलं. पदर सावरत ती हसत उभी होती.

"पावणेएकला उंबरा वलांडला," हिंदुराव म्हणाला. "सासू घड्याळाखालीच हुबी हुती."

अक्कम्मा कसली सोडते? लेकीला उपाशी धाडायचं नाही म्हणून तिनं पानं मांडली. एकीकडं वाढणं, एकीकडं रंभेच्या तोंडावरून हात फिरवणं, एकीकडं डोहाळ्यांची चौकशी. भाकरी, झुणका, भात, सगळं आलं. रंभेनं घास मोडला, तसा हिंदुरावानं तिचा हात धरला.

"थांब," तो म्हणाला. "वैनी, वरची जागा मोकळी हाय."

अक्कम्मानं बघितलं आणि जीभ चावली. तीनशे माणसांच्या पंगतीत न विसरलेलं मीठ आज एका पोरीच्या ताटात राहिलं होतं. गुरुसिद्धप्पा पोट धरून हसला. मग उठला, हात धुतले आणि रंभेच्या ताटात मिठाच्या जागी चिमूटभर मीठ स्वतः वाढलं.

"आता जेव, बाय," तो म्हणाला.